पाटीवरचा चिनी व्यापारी

नागपुरात एक शास्त्रीय चिनी उद्यान आहे आणि त्याचा इतिहास मी लिहिलेला आहे. पहिल्या गोष्टीवर विश्वास ठेवू नका. दुसरी दुर्दैवाने खरी आहे.

नंदनवन वस्ती ओलांडून पुढे गेलात की शहर संपलं असं वाटतं, तेवढ्यात आणखी एक लेआउट, म्हणजे प्लॉट पाडलेली वसाहत, सुरू होतो. तिथे आमचं घर. घरात आई आणि मी, दोघंच. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारे नातेवाईक आता थकले आहेत, तेव्हा तुम्हीही विचारू नका. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. "पुरावा कुठे आहे?" हा माझा लाडका प्रश्न होता, आणि पोरं मला पाठीमागे 'पुरावा सर' म्हणत. त्याचा मला राग नव्हता. उलट जरा अभिमानच होता. आई मूळची खाप्याची, कन्हान नदीच्या काठची. लोकांच्या वावरात निंदण करून तिने मला शिकवलं, पण स्वतः शाळेची पायरी कधी चढली नाही.

आमच्या घरासमोर एक मोकळा तुकडा होता. लेआउटच्या नकाशात तो हिरवा रंगवून त्यावर 'उद्यानासाठी राखीव' असं लिहिलेलं. प्रत्यक्षात तिथे डुकरं राखीव होती. जोडीला फुटके कूलर, गंजलेले स्टँड आणि गणपतीच्या मंडपाचे उरलेले बांबू. एका उन्हाळ्यात आई आणि शेजारच्या चार बाया पदर खोचून तिथे उतरल्या. रोज दुपारची कामं आटोपली की घमेली घेऊन निघायच्या. डुकरांना हाकलायला त्यांना महिना लागला. मला वाटतं डुकरं बोलण्याला कंटाळून गेली असावीत, कारण पाचही जणींची तोंडं हातांपेक्षा जास्त चालायची.

जागा साफ झाली, पण लावायचं काय? पाणी नाही, माती म्हणजे मुरूम. मग आई खाप्याला जाऊन एक पिशवीभर कांड्या घेऊन आली. चिनी गुलाबाच्या. हे फूल तुम्ही पाहिलेलं आहे. जाडसर बारीक पानं, जमिनीला धरून पसरणारं झाड, आणि गुलाबी, पिवळी, केशरी, पांढरी फुलं. ती सकाळी दहाच्या सुमाराला उघडतात आणि दुपार कलली की मिटतात, म्हणून काही जण त्याला 'ऑफिस टाइम' म्हणतात. अर्थात ज्या ऑफिसांना मी नंतर खेटे घातले ती या फुलांइतकी वक्तशीर नव्हती.

"हे लावायले काही अक्कल लागत नाही," मी ओट्यावर बसून म्हणालो.

"मंग ये ना, तूच लाव," आई म्हणाली.

पुढच्या वर्षापर्यंत तो सगळा तुकडा फुलांनी भरला. कूलरच्या पत्र्यांत फुलं, टायरांत फुलं, आणि मधोमध, कोणाच्या तरी घरून निघालेल्या पांढऱ्या कमोडमध्येसुद्धा फुलं. मी कमोडला हरकत घेतली होती. पाचही जणी माझ्याकडे अशा बघू लागल्या की मी हरकत मागे घेतली. लोक त्या जागेला चिनी गुलाबाची बाग म्हणू लागले. घाईत असले की नुसती चिनी बाग.

पाणी मात्र या बाया घरून बादल्यांनी आणत. म्हणून नळ मागायचं ठरलं. अर्ज लिहायचा म्हणजे मीच लिहायचा. त्या छापील अर्जात 'उद्यानाचे नाव' या शब्दांपुढे बोटाच्या पेराएवढी चौकट होती.

"पुरं लिव," आई म्हणाली. "चिनी गुलाबाची बाग."

"मावत नाही."

"मंग बारीक अक्षरात लिव."

बारीक अक्षर काढणं माझ्या स्वभावात नाही. फळ्यावर लिहिणाऱ्याचं अक्षर मोठंच राहतं. मी 'चिनी बाग' एवढंच लिहिलं आणि वर आईला म्हणालो, "समजते त्यायले." समजलं त्यांना. फारच समजलं.

नळ आला नाही. वर्षं गेली. मी निवृत्त झालो. त्या चार बाया एकेक करून गेल्या. शेवटची गेली तेव्हा आईने बागेतली सगळी फुलं तोडून तिच्या अंगावर घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलं आली म्हणून रडली. आता आई एकटीच सकाळी बादली घेऊन जायची, आणि मी दुसरी बादली घेऊन तिच्यामागे.

मग एक दिवस एका कार्यालयातून पत्र आलं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, कारण यात त्यांच्यापेक्षा माझाच दोष जास्त आहे. पत्राचा विषय होता: 'शास्त्रीय चिनी उद्यानाचे जतन व पुनरुज्जीवन'. मी ते चार वेळा वाचलं. पाठोपाठ एक अभियंता स्कूटरवर आला. तरुण, हसतमुख, कमरेला मोजपट्टी. मला राग धरायला जागाच सापडेना, इतका तो भला होता.

"साहेब," मी म्हणालो, "ही चिनी गुलाबाची बाग आहे. चीनचा अन् हिचा काही संबंध नाही."

"सर, ते मले बी दिसून राहिलं," तो म्हणाला. "पण फाइलीत चिनी बाग आहे. आता फाइल सुधारायची म्हणजे पहिल्यापासून जा लागते. अन् पहिल्यापासून गेलं त या जागेवर सभागृह ठरलं आहे. यादीत त्याचाच नंबर पहिला." त्याने मोजपट्टी उघडली आणि बंद केली. "चिनी बाग असन त बाग राहते. फक्त तिचा इतिहास पाहिजे. पंधरा दिवसांत द्या. तुम्ही त इतिहासाचेच सर आहात म्हणे."

मी घरात गेलो. आई दारामागे उभी राहून सगळं ऐकत होती. सभागृह एवढाच शब्द तिने पकडला होता.

"वाचव बाबू," ती म्हणाली. "काही बी कर, पण बाग वाचव. अन् ते पाटी लावतीन ना, तिच्यावर आमची पाचजणींची नावं टाकजो. त्या चौघी गेल्या, त्यायचं मांगं काहीच नाही राहिलं."

आईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडीसुद्धा नाही. मी म्हणालो, "टाकतो."

पंधरा दिवस मी मोबाइलवर चिनी बागांबद्दल वाचत होतो. मोठा खोल विषय आहे. पाणी हवं, दगड हवेत, चंद्रासारखं गोल दार हवं, वाकडातिकडा पूल हवा. आणि बागेबाहेरचा डोंगर किंवा देऊळ बागेतून असं दिसायला हवं की जणू ते बागेचंच आहे. याला ते लोक उसना देखावा म्हणतात. इतकं सुंदर वाचल्यावर मला आणखीनच लाज वाटली, आणि त्या लाजेतच मी इतिहास लिहिला. फार पूर्वी, राजांच्या काळात, एक चिनी व्यापारी संत्र्यांचा शोध घेत नागपुरात आला. इथल्या उन्हात त्याला आपल्या गावाची आठवण येऊ लागली. म्हणून त्याने ही बाग वसवली. त्याचं नाव काळाच्या ओघात लुप्त झालं.

'काळाच्या ओघात लुप्त झाले' हे वाक्य एखाद्या पोराने उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं, तर मी लाल शाईने त्याखाली तीन रेघा ओढल्या असत्या. अभियंत्याने ते वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"सर, संत्र्याचा मुद्दा जबरदस्त आहे."

"त्यात पाच बायांची नावं टाकायची आहेत," मी म्हणालो. "ज्यांनी ही बाग लावली, त्यांची."

तो गोंधळला. "पण सर, व्यापाऱ्यानं लावली ना?"

"नंतर यांनी सांभाळली असं लिहू."

"कधी सांभाळली? म्हणजे मधात बाग उजाड होती? मंग ते जतन नाही होत सर, ते नवीन बांधकाम होते. नवीन बांधकामाची फाइल वेगळी."

इथे मी भांडायला पाहिजे होतं. मी आयुष्यभर पोरांशी, मुख्याध्यापकांशी, रिक्षावाल्यांशी भांडलो. त्या दिवशी मात्र मी भिलो. सभागृहाला भिलो, आणि खरं सांगायचं तर त्या फाइलीला भिलो. मी मान हलवली.

काम सुरू झालं. चिनी बागेत दगडांना भोकं असतात असं अभियंत्याने वाचलं होतं. कन्हानच्या पात्रातून काळे दगड आले, पण त्यांना एकही भोक नव्हतं. शेवटी बोअरवेलवाल्याला बोलावून सगळ्या दगडांना एकाच मापाची भोकं पाडली. आता ते दगड मोठ्या मण्यांसारखे दिसतात, कोणी दोरी ओवायला येईल म्हणून वाट बघणारे. तळं खोदलं, पण आमच्या मुरमात पाणी टिकेना, आणि टिकलं त्या आठवड्यात डास झाले. म्हणून तळ्यात पाण्याऐवजी निळा रंग भरला. वाकड्या पुलावरून मोठा वाद झाला.

"सरळ टाका ना, जवळ पडते," मिस्त्री म्हणाला.

"सरळ नाही चालत. वाकड्या पुलावरून भुतं येऊ शकत नाहीत. त्यायले वळता येत नाही," अभियंत्याने समजावलं.

"तिकडल्या भुतायले येत नसन साहेब," मिस्त्री म्हणाला. "आपल्या इकडले त गल्लीबोळातून बी वाट काढतात."

पूल वाकडाच झाला. पहिल्याच आठवड्यात त्यावरून दोन माणसं निळ्या रंगावर पडली. दोघंही जिवंत माणसं होती. गोल दारातून दिसणारा उसना देखावा म्हणजे पाण्याची टाकी आणि कोचिंग क्लासची जाहिरात. त्या जाहिरातीतली पहिली आलेली मुलगी अगदी बरोब्बर दाराच्या मधोमध येते. आई तिच्याकडे बघून म्हणायची, "कोन हाय वं ही? लय हुशार दिसते."

आणि मग तो दिवस आला जेव्हा अभियंत्याने फुलांकडे बोट दाखवलं.

"सर, आता ही फुलं काढा लागन. चिनी बागेत शोभत नाहीत."

"साहेब," मी म्हणालो, "यांचं नावच चिनी गुलाब आहे."

"नावावर काय जाता सर!"

त्या क्षणी मला असं हसू आलं की मी दगडाच्या भोकात हात घालून उभा राहिलो. ज्या फुलांच्या नावावरून हे सगळं उभं राहिलं, त्यांच्याच बाबतीत नावावर जाऊ नका म्हणायचं! आई मात्र हसली नाही. ती फुलांच्या वाफ्यात जाऊन बसली. नुसती बसली. अभियंता दहा मिनिटं तिच्याकडे बघत राहिला, मग त्याने वही काढली आणि लिहिलं: 'मूळ चिनी वनस्पती, जतन करणे.' असा तो एक वाफा वाचला. भला माणूस होता, म्हटलं ना.

पाटी लागली. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर माझा चिनी व्यापारी. उद्घाटन झालं, हार झाले, पाहुणे गेले. आई पाटीजवळ आली. तिने अक्षरांवरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत.

"वाच," ती म्हणाली.

मी घसा खाकरला आणि वाचलं: "या जागेवर घाण होती. या लेआउटमधल्या पाच बायांनी ती आपल्या हातांनी उचलली, घरून पाणी आणलं आणि ही बाग लावली." मग मी पाचही नावं वाचली. प्रत्येक नावाला आईने मान हलवली. शेवटचं तिचं होतं. ते ऐकून ती पदराने पाटी पुसू लागली.

मला वाटलं होतं, एकदा वाचलं की सुटलो. पण आईला ते आवडलं. फुलं उघडली की ती रोज मला घेऊन पाटीपाशी जायची. "वाच." आता रोज तेच शब्द त्याच क्रमाने आठवायचे म्हणजे पंचाईत. एकदा मी 'आपल्या हातांनी' विसरलो तर तिने लगेच टोकलं, "हातायचं राहिलं." शेवटी मी तो मजकूर एका चिठ्ठीवर लिहून ती तळहातात ठेवू लागलो. म्हणजे पाटीकडे तोंड करून, चिठ्ठीत बघून, पाटी वाचायची. एकदा फिरायला आलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी उभे राहून पाटी वाचत होते. त्यांनी माझं वाचन ऐकलं, पाटी बघितली, मला बघितलं आणि हळूच म्हणाले, "सर, चष्म्याचा नंबर बदलून घ्या." मी म्हणालो, हो, बदलायचाच आहे.

हे उघडकीस कसं आलं नाही, असं तुम्ही विचाराल. उभं राहून पाटी वाचणारी माणसं फार नसतात. आणि ज्यांनी वाचली, त्यांना वाटलं आईला ठाऊकच असणार, तिचा मुलगाच तर लेखक. आमची शेजारीण बँकेत आहे. तिने वाचली होती, पण तीही असंच समजून गप्प राहिली. मी सकाळी उठलो की मला वाटायचं आज सांगून टाकू. आई अंघोळ करून, स्वच्छ लुगडं नेसून, फाटकापाशी उभी असायची. मग मी चिठ्ठी घ्यायचो.

याच सुमाराला बुटीबोरीच्या एका कारखान्यात चीनहून मशिनी आल्या आणि त्या बसवायला एक चिनी इंजिनियर आला. आमच्या अभियंत्याला ही बातमी लागली. त्याने त्या बिचाऱ्याला सुट्टीच्या दिवशी गाडीत घालून बागेत आणलं. सोबत फोटोवाला. अर्धा लेआउट जमला. पाहुणा चाळिशीचा, शांत, घामाघूम. त्याच्या हातात एक मोबाइल होता. तो त्यात आपल्या भाषेत बोलायचा आणि मोबाइलमधली बाई ते मराठीत सांगायची, फार अदबीने, बातम्या वाचल्यासारखं.

तो निळ्या तळ्यापाशी थांबला. दगडांपाशी थांबला. एका भोकातून पलीकडे बघितलं. मग मोबाइल म्हणाला, "कृपया सांगा, या दगडांना काय झाले आहे?"

"प्राचीन आहेत," अभियंता म्हणाला.

पाहुण्याने नम्रपणे मान हलवली. पुलावरून तो सावकाश आला, पडला नाही, त्याबद्दल टाळ्या झाल्या. आणि मग त्याला फुलांचा वाफा दिसला. तो तसाच खाली बसला. पँट मातीत टेकली. एका फुलाला त्याने बोट लावलं आणि बराच वेळ काहीतरी बोलला. मोबाइल म्हणाला, "माझ्या आजीच्या अंगणात ही फुले होती. आमच्याकडे या फुलाचे नाव मरत नाही असे आहे."

"खरं बोलून राहिली ही बाई," आई म्हणाली. तिच्या मते बोलणारी मोबाइलमधली बाईच होती, आणि तो माणूस तिला घेऊन हिंडत होता. "वाळली कांडी खोसली तरी लागते. बाई, याले सांग."

बाईने त्याला सांगितलं. तो खळखळून हसला. मग आई त्याच्या शेजारी बसली आणि दोघं त्या मोबाइलला मध्ये ठेवून कांड्या कशा खुडायच्या यावर बोलू लागली. आईला मी कितीतरी दिवसांत इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. तिला पोटभर बोलायला माणूस मिळाला होता, आणि तोही चीनचा. मी कडेला उभा राहून स्वतःला म्हणालो, बघ, शेवटी सगळं नीट झालं.

पाहुणा उठला, हात झटकले, पाटीपाशी गेला आणि मोबाइल पाटीसमोर धरला. माझं लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता. त्या यंत्राने माझा सगळा इतिहास त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवला. त्याच्या कपाळावर आठी पडली. तो आईकडे वळला, कारण एव्हाना त्याची ओळख आईशीच झाली होती, आणि बोलला.

"फलकावर लिहिले आहे की ही बाग एका चिनी व्यापाऱ्याने निर्माण केली," मोबाइल म्हणाला. "कृपया सांगा, तो कोणत्या प्रांताचा होता?"

"कोन?" आई म्हणाली.

मोबाइलने तेवढ्याच अदबीने पुन्हा सगळं सांगितलं. संत्र्यांसकट.

आईने पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. माझ्या तळहातात ती चिठ्ठी होती आणि ती घामाने ओली झाली होती. फोटोवाल्याने कॅमेरा वर केला होता, शेजारपाजारचे सगळे आईकडे बघत होते. 'पुरावा सर' म्हणणाऱ्या पोरांपैकी दोघं, आता बाप झालेले, आपापल्या मुलांना घेऊन तिथेच होते. आईने नुसतं 'असा कोनी नव्हता' म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी मनात म्हणालो, म्हण आई. म्हणून टाक.

"प्रांत नाही माहीत," आई म्हणाली. "पण होता. माह्याच घरी पानी प्यायला होता. लय तहान लागली होती त्याले."

मोबाइलने ते चिनी भाषेत सांगितलं. पाहुणा दोन्ही हात मांडीला लावून आईपुढे खाली वाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझी आई उभ्या आयुष्यात खोटं बोलली नव्हती. त्या दिवशी चारचौघांत बोलली, माझ्यासाठी.

घरी आल्यावर ती पाणी प्यायली आणि पाय पसरून बसली.

"एक बी नाव नाही?" तिने विचारलं.

"नाही, आई."

"त्या खालच्या आळीच्या वहिनीचं बी नाही? तिच्या पायात काच घुसली होती त्या वक्ताले."

"नाही."

"मंग तू रोज काय वाचून राहिला होता?"

मी चिठ्ठी पुढे केली. तिने ती उलटी धरली, सुलटी धरली, उन्हात धरून बघितली. मग उठली, चपला घातल्या आणि ती घेऊन शेजारणीकडे गेली. खिडकीतून मला दिसत होतं. शेजारीण वाचत होती आणि आई प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत होती, हेच लिवलं हाय ना? पाचही नावं तिने दोनदा वाचून घेतली. परत आली तेव्हा चिठ्ठी तिच्या कमरेच्या पिशवीत होती. तिने मला वाढलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी अभियंता पेढे घेऊन आला. आईचं बोलणं वर पोचलं होतं आणि त्याला मौखिक पुरावा म्हणून मान्यता मिळाली होती. पाटीवर एक ओळ वाढवायची होती: 'सदर व्यापाऱ्यास पाणी पाजणारी महिला आजही हयात आहे.' राजांच्या काळातल्या माणसाला पाणी पाजणारी बाई आज किती वर्षांची असेल, हा प्रश्न एकाही सहीवाल्याला पडला नव्हता.

"आजी, तुमचं नाव टाकतो," तो म्हणाला.

"अन् बाकी चौघी?"

"कोनत्या चौघी, आजी?"

"मंग राहू दे," आई म्हणाली. ओळ लागली, पण नावाशिवाय.

आई अजून रोज बागेत जाते, पण पाटीपाशी थांबत नाही. सरळ वाफ्यात जाते. मी मागून बादली नेतो. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते, मला ताप आला तर रात्रभर उशाशी बसते. परवा तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून एक कागद आला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख, आदल्या दिवशी काय खायचं, काय नाही. मी चष्मा लावला आणि हात पुढे केला.

"राहू दे गा बाबू," ती म्हणाली. कागदाची नीट घडी घातली आणि मांडीवर ठेवली. "शेजारीण येईन आता बँकेतून. मी थांबतो."